नेव्हिलचे चकचकीत बोल्ट

नेव्हिल पास्को माझा मेहुणा, थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्याबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी दर ख्रिसमसला ठरवतो आणि पुढचा ख्रिसमस यायच्या आत तोच माझा नेम मोडतो. माणूस मनाने निर्मळ. पिणं बेताचं, जीभ गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रस्त्यात पडलेला बोल्ट दिसला की त्याचं भान सुटायचं. आमच्या बाबांच्या शवपेटीला खांदा देऊन चालताना हा मध्येच वाकला. पुढचे एकीकडे, मागचे एकीकडे आणि बाबा तिरके! का, तर दफनभूमीच्या वाटेवर खडीत एक बोल्ट पडला होता. तो खिशात घालून साहेब पुन्हा दुःखी चेहरा करून चालायला लागले.

"अरे, लाज नाही वाटत?" मी नंतर विचारलं.

"आटे शाबूत होते रे त्याचे," तो म्हणाला.

आयुष्यात त्याने एकही बोल्ट विकत घेतला नव्हता आणि एकही फेकला नव्हता. आमच्या वॉलरू गावच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या कोठारावर, धान्य वाहणाऱ्या पट्ट्यांना तेलपाणी करण्यात त्याची सगळी नोकरी सरली. तिथून लोक निवृत्त होताना घड्याळ घेऊन घरी जातात, हा गंजलेल्या बोल्टांची बादली घेऊन गेला. घरामागच्या शेडमध्ये पाकाचे, बिस्किटांचे, तंबाखूचे डबे छतापर्यंत रचलेले. त्यांची वर्गवारीही होती बरं का! काही डब्यांवर लिहिलेलं 'लांब', काहींवर 'आखूड', आणि बाकी सगळ्यांवर 'असू दे'. कोरल, म्हणजे माझी बहीण, कपडे धुवायच्या आधी त्याच्या पँटचे खिसे उलटे करायची. तरी वॉशिंग मशीन वाजायचंच.

आता एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला बोललो असतो? पण नेव्हिलकडे चोपन्न सालची क्रीम रंगाची होल्डन गाडी आहे. वरून अशी सुंदर की बघत राहावं. दर रविवारी तो तिला पुसायचा, पॉलिश करायचा, तिच्याशी बोलायचा. आणि आत? आत तिला बिचारीला पेरणी यंत्राचे बोल्ट, कोंबड्यांच्या खुराड्याचे नट आणि कुणाच्या तरी पलंगाचे वॉशर. वरून कीर्तन, आतून तमाशा.

त्यातूनच पोर्ट ह्यूजची भानगड झाली. खूप वर्षं झाली त्याला, आम्ही सगळेच तरुण होतो. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर चर्चची सहल होती. नेव्हिलने गाडी होड्या पाण्यात उतरवायच्या उताराच्या तोंडाशी लावली, हॅन्डब्रेक ओढला आणि खुर्च्या घेऊन खाली उतरला. कोरल आत बसलेली, मांडीवर काचेच्या मोठ्या भांड्यात ट्रायफल, केक-कस्टर्डचे थर लावलेलं गोड. आदल्याच आठवड्यात नेव्हिलने मागचे ब्रेक खोलून पुन्हा बसवले होते, अर्थात 'असू दे'च्या डब्यातून. एक बोल्ट तुटला, दुसऱ्याचे आटे सुटले आणि गाडी निघाली. धावली नाही हो. मिरवत गेली. हळूहळू, ऐटीत, शंभर माणसांच्या देखत समुद्रात शिरली आणि पाणी सीटला लागल्यावर थांबली. बाजूला दोघं म्हातारे गळ टाकून बसले होते. त्यांतला एक कोरलला म्हणाला, "बाई, मासे पळतील, जरा हळू."

कोरल ट्रायफल डोक्यावर धरून पाण्यातून चालत बाहेर आली. भांडं टेबलावर ठेवलं, सगळ्यांना वाढलं, नेव्हिललाही वाढलं, आणि मग म्हणाली, "नेव्हिल, तुझ्याबरोबर मी संसार करीन. पण त्या गाडीत तुझ्या शेजारी पुन्हा बसायची नाही."

आणि नाही बसली. माझी बहीण आहे ती, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आमच्याकडे मे महिन्यात, खाणकामगार पूर्वजांच्या आठवणीचा, कॉर्निश मेळा भरतो, तेव्हा जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. वॉलरूहून कडीना, कडीनाहून मूंटा. मेळा आला की नेव्हिल एकटा त्याच्या होल्डनमध्ये, आणि कोरल त्याच्या मागे माझ्या गाडीत. फुटपाथवरून लोक ओरडायचे, "नेव्ह, बायको कुठाय?" तो हसत अंगठ्याने मागे दाखवायचा. लोकांना वाटायचं गंमत आहे. मी मागून त्याची मान बघायचो. प्रत्येक सिग्नलला ती आरशाकडे वळायची, कोरल दिसते का ते बघायला. मला त्याचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं, आणि एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटणं फार त्रासाचं असतं.

तर यंदाची गोष्ट. एका रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या खात बसलो होतो. कोरल सॉसची बाटली पुसत म्हणाली, "मेळ्याच्या रविवारी आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतात."

"होतात खरी," नेव्हिल म्हणाला.

"मिरवणुकीत मी तुझ्या शेजारी बसावं म्हणते."

नेव्हिलच्या हातातली पेस्टी ताटात पडली. मीसुद्धा चावायचा थांबलो.

"पण," कोरल म्हणाली. तिच्या 'पण'ची आम्हा दोघांनाही सवय आहे. "ब्रेक नव्याने बसवायचे. सगळे बोल्ट विकत आणायचे, दुकानातून, नवे. डब्यातला एकसुद्धा नाही. आणि लेस तपासून हो म्हणाला तरच."

लेस म्हणजे मी. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात एक रीत आहे: मिरवणुकीआधी आपली गाडी आपण पास करायची नाही, दुसऱ्या सभासदाने तपासायची. स्वतःचं पोर कुणाला कुरूप दिसतं? मी जन्मभर कडीनात ट्रॅक्टर दुरुस्त केले, म्हणून गाड्या तपासायचं काम माझ्या गळ्यात. नेव्हिलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या घरावर जप्ती आणलीय.

"दुकानातून?" त्याने कोरलला विचारलं.

"दुकानातून."

"माझ्याकडे शेडमध्ये इतके..."

"नेव्हिल!"

"बरं बरं," तो म्हणाला.

पुढचा आठवडाभर तो शीळ घालत हिंडत होता. गावात भेटेल त्याला सांगत होता, "कोरल बसणार आहे हं यंदा." पेट्रोल पंपावर सांगितलं, पोस्टात सांगितलं. दातांच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असताना सांगितलं.

आणि मग तो बोल्ट विकत घ्यायला गेला, तिथेच घोळ झाला. आमचं गाव समुद्राकाठचं. खारा वारा कशालाच सोडत नाही. दाराच्या बिजागऱ्या खातो, सायकली खातो, माणसाचे गुडघे खातो. त्यामुळे आमच्याकडे स्टेनलेस म्हणजे देवमाणूस. होडीला स्टेनलेस, गेटला स्टेनलेस, कुत्र्याच्या साखळीलाही स्टेनलेस. कुणालाही काहीही विचारा, उत्तर एकच: "स्टेनलेस लाव आणि झोप निवांत." नेव्हिल होड्यांच्या सामानाच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "सगळ्यात चांगले द्या." बायकोसाठी घ्यायचे म्हणून त्याने हात आखडता घेतला नाही. दुकानदाराला ब्रेकचं काही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही.

घरी येऊन त्याने चार दिवस खपून ब्रेक बसवले. मन लावून बसवले, खोटं कशाला बोलू? नवे लायनर, नवे पाइप, सगळं कापडाने पुसून. आणि ब्रेक झाकणारे ड्रम बसवायच्या आधी प्रदर्शन! शेजारची लोर्ना खायला स्कोन घेऊन बघायला आली. चर्चचे पाद्रीसाहेब आले. कोरल दारात उभी राहून लांबूनच बघत होती, हात एप्रनखाली. ती हसत नव्हती, पण नाहीही म्हणत नव्हती. नेव्हिलच्या दृष्टीने ती दिवाळीच.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. आत सगळं लखलखत होतं. एखाद्या हॉटेलच्या काट्याचमच्यांसारखं. मी उजेड एकेका बोल्टाच्या डोक्यावर फिरवला.

"काय, बोलती बंद झाली ना?" वरून नेव्हिलचा आवाज.

"नेव्हिल, हे स्टेनलेस आहेत."

"मग! उगाच नाही."

"बोल्टाच्या डोक्यावर रेघा कुठायत?"

"कसल्या रेघा?"

मी बाहेर सरकलो, माझ्या पेटीतला एक काळपट बोल्ट काढून त्याच्यापुढे धरला. डोक्यावर तीन रेघा, चांदणीच्या किरणांसारख्या. "हा हाय टेन्साइल. या रेघा म्हणजे त्याची ताकद. ब्रेक दाबला की चाकाचा सगळा झटका या बोल्टांवर येतो. तुझा स्टेनलेस गंजत नाही हे कबूल, पण तो मऊ. खेचला जातो, आणि मग तुटतो."

"मऊ?" नेव्हिल संतापला. "समुद्रात वर्षानुवर्षं टिकतो तो मऊ? जळतोस तू लेस! कोरल तुझ्या गाडीत बसायची नाही म्हणून जळतोस!"

"मी? जळतो? त्या बाईने दर वर्षी माझ्या गाडीत बसून माझ्या गाडी चालवण्यावर टीका केलीय, मला तर पेढे वाटायला हवेत!"

"मग पास कर."

"नाही करत."

असं बराच वेळ चाललं. शेवटी मी त्याचा एक उरलेला स्टेनलेस बोल्ट आणि माझा काळा, दोन्ही एकेक करून वाइसच्या पकडीत धरले. ठरावीक जोर भरला की 'टक्' करणारा पाना माझ्याकडे आहे, तो पुस्तकात सांगितलेल्या जोरावर लावला आणि नेव्हिलच्याच हातात दिला. म्हटलं माझ्यावर नको विश्वास ठेवूस. काळा त्याने आवळला. टक्. मग स्टेनलेस आवळायला घेतला. आवळतोय, आवळतोय, टक् काही होईना. पाना नुसता फिरत राहिला, आणि बोल्टाची मान आमच्या डोळ्यांदेखत बारीक होत गेली. मग तो तुटला. डोकं टणकन उडून 'असू दे'च्या एका डब्यावर आपटलं.

नेव्हिल ते डोकं शोधायला वाकला. मी आपला बोलतच राहिलो, मला थांबता येत नाही हा माझा दोष. "आणि हे नट बघ. आत प्लॅस्टिकची कडी आहे. होडीला छान. पण ड्रम तापला की ही कडी जाणार, मग नट धरणार कशाला? आणि नट अडवणारी ही स्प्लिट पिन जुनीच आहे. सरळ करून परत घातलीस ना?"

"पिन म्हणजे काही बोल्ट नव्हे," तो पुटपुटला. "कोरल बोल्ट म्हणाली होती."

धन्य! पन्नास वर्षांच्या संसारात माणूस वकिली शिकतो. "एकदा वाकवलेली पिन परत वाकवायची नसते रे बाबा. तिसऱ्यांदा वाकली की मोडतेच."

मी पाना लावून एक नट काढायला गेलो. स्टेनलेसवर स्टेनलेस, मध्ये ग्रीस नाही, दोघं एकमेकांना असे चिकटले होते की पुढेही जाईनात नि मागेही येईनात. कापूनच काढावा लागणार होता. तेवढ्यात शेडच्या दारात कोरल आली. केस सेट करून आली होती, मिरवणुकीसाठी. आम्हा दोघांची तोंडं बघून ती दारातच थांबली.

"झालं का? पास?"

आता खरं सांगतो, त्या क्षणी मी मनात हिशेब करत होतो. कडीनातलं दुकान दुपारी बंद झालेलं. असे बोल्ट आता अॅडलेडहूनच येणार, आणि ते पुढच्या आठवड्यात. मी नाही म्हणालो की यंदाची मिरवणूक गेली. मी हो म्हणालो तर गाडी निघेल, आणि मिरवणुकीच्या चालीने गेली तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित. पण उतारावर एखादं पोर आडवं आलं तर? आणि आत माझी बहीण. मी तोंड उघडलं.

पण नेव्हिलच आधी बोलला. "नापास," तो म्हणाला. "बोल्ट चुकीचे आणले मी. महाग आणले आणि चुकीचे आणले. लेसचं बरोबर आहे."

मी उडालोच! या माणसाने पोर्ट ह्यूजलासुद्धा भरतीला दोष दिला होता.

कोरलने तुटलेल्या बोल्टाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. नेव्हिल त्याच्या उलट्या बादलीवर बसून राहिला. मी त्याला बिअर आणून दिली, त्याने ती प्यायली नाही. तेव्हा मला खरी काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली ती नेव्हिलच्या गाडीशिवाय. मी माझी गाडी घेऊन रांगेत होतो, शेजारची सीट रिकामी. कडीनाच्या चौकात बघतो तर फुटपाथवर दोन घडीच्या खुर्च्या टाकून हे दोघं बसलेले, गुडघ्यांवर एकच घोंगडी. नेव्हिल येणाऱ्या प्रत्येक गाडीचे दोष कोरलला सांगत होता, तेही एवढ्या मोठ्यांदा की गाडीवाल्यांना ऐकू जावं. "त्याच्या इंजिनाचा आवाज ऐक! डब्यात वाटाणे!" मी समोरून गेलो तसा तो ओरडला, "लेस, बायको कुठाय?" चौक हसला. मला लग्नच नाही झालेलं, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

बोल्ट आले बुधवारी. या वेळी मागवताना फोनवर नेव्हिल दुकानदाराचं इतकं डोकं खात होता की त्या माणसाने शेवटी विचारलं, काका, विमान बनवताय का? गाडीचं वर्ष सांगितलं, जाडी सांगितली, आटे बारीक हवेत हे सांगितलं, आणि "डोक्यावर रेघा नसतील तर परत पाठवीन" असं तीनदा बजावलं. पिना नव्या, नट बिनप्लॅस्टिकचे. आम्ही दोघांनी मिळून बसवले. एकेक बोल्ट आवळताना टक् झालं की तो माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचो. आम्ही दोघं भांडल्याशिवाय एवढा वेळ एका जागी पहिल्यांदाच होतो. त्याने गाडी गल्लीत फिरवून आणली, मी शेजारी बसून त्याला पुन्हा पुन्हा ब्रेक दाबायला लावले, आणि पास केली.

"कोरल!" नेव्हिलने हाक मारली. आवाज जरा फाटलाच त्याचा. "येतेस का?"

मिरवणूक नाही, बँड नाही, बुधवारची साधी दुपार. ती एप्रन काढून बाहेर आली. नेव्हिलने धावत जाऊन डावीकडचं दार उघडून धरलं. ती त्याच्या समोरून गेली, गाडीला वळसा घातला, आणि उजवीकडे, चालवणाऱ्याच्या जागी जाऊन बसली.

"अगं, तिथे मी..."

"बसेन म्हणाले होते. कुठे ते नव्हतं सांगितलं. ब्रेक बघायचेत ना? मग पाय माझा असू दे."

ती गाडी त्याने आजवर कुणाला चालवू दिली नव्हती. मलाही नाही. एकदा ती गॅरेजमधून दोन हात मागे घ्यायची होती, तर हा पायजम्यात धावत आला होता. तो दार धरून उभा राहिला. चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी बघत होतो. मग मुकाट्याने डाव्या सीटवर बसला. मी मागे, क्लबच्या वतीने.

कोरल काय सुसाट! सायलो मागे टाकून मूंटाच्या रस्त्याला लागलो तसा मी डोळे मिटले. नेव्हिल दोन्ही पायांनी नुसती पायाखालची फळी दाबत होता, ब्रेक त्याच्याकडेच असल्यासारखा. आणि वळणानंतर रस्त्यावर ट्रकमधून सांडलेला गहू, त्यावर गुलाबी काकाकुव्यांचा थवा, एकही उडायच्या बेतात नाही. कोरलने पाय दाबला. पूर्ण दाबला.

गाडी सरळ रेषेत थांबली. ना डावीकडे ओढली, ना उजवीकडे. नेव्हिलचं कपाळ काचेवर आपटलं, मी पुढच्या सीटच्या पाठीवर. पाखरांनी माना वर केल्या आणि परत खायला लागली.

इंजिन चालू होतं. कोरलचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर आवळलेले, गाडी थांबली तरी सुटेनात. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ती रुसलेली नव्हती. घाबरलेली होती. पाणी मांडीपर्यंत आलं होतं तिच्या त्या दिवशी, आणि तिला पोहता येत नाही. आम्ही सगळे हसलो होतो. मीसुद्धा.

नेव्हिलने कपाळ चोळलं नाही. त्याने हात पुढे करून तिच्या हातांवर ठेवला.

"तू फार घाबरली होतीस ना गं तेव्हा?"

"हो," ती म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

पाखरांचं खाऊन होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.